जुन्या फ्लॉपीतील मराठी मजकूर कसा वाचवावा : नवख्यांसाठी मार्गदर्शन

जुन्या फ्लॉप्यांचा डबा हाती आला की पहिली इच्छा होते ती एखादी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून आत काय आहे ते पाहण्याची. ती इच्छा आवरावी. हार्ड डिस्कमध्ये वाचणारे हेड तबकडीपासून किंचित अंतरावर तरंगत असते. फ्लॉपीत मात्र ते तबकडीला प्रत्यक्ष टेकते आणि ती फिरत असताना तिच्यावर घासत राहते. तीस वर्षे पडून राहिलेल्या फ्लॉपीवरचा चुंबकीय थर सैल झाला असेल किंवा तिच्यावर बुरशी धरली असेल, तर प्रत्येक वाचनात थोडा थोडा मजकूर खरवडला जातो. आपण यादी उघडतो, एक फाइल उघडून बंद करतो, दुसरी उघडतो आणि तेवढ्या वेळात हेड त्याच त्या जागी वारंवार जाऊन येते. म्हणून या कामाचा मूळ नियम असा की फ्लॉपी शक्यतो एकदाच, पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे तबकडीवरचा मजकुराचा सर्वांत छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत सलग वाचावी, तिची जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये साठवावी आणि पुढची सगळी उघडझाक त्या नकलेवर करावी. या नकलेला इमेज म्हणतात आणि या लेखात तोच शब्द वापरला आहे.

हे मार्गदर्शन प्रामुख्याने अशा वाचकांसाठी आहे, ज्यांच्या घरी, छापखान्यात, वाचनालयात किंवा संस्थेच्या कपाटात १९९० च्या दशकातल्या डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या) फ्लॉप्या आहेत. दिवाळी अंकांची पाने, स्मरणिका, कुलवृत्तान्त, संस्थांचे अहवाल आणि मुख्य म्हणजे कधीच न छापलेली हस्तलिखिते त्यांत असतात. छापलेला मजकूर कुठे ना कुठे मिळू शकतो, पण न छापलेला बहुतेकदा त्या एकाच फ्लॉपीत असतो. त्यातच मराठी मजकुराची आणखी एक अडचण आहे. फ्लॉपी व्यवस्थित वाचली गेली, तरी फाइल उघडल्यावर अक्षरे ओळखू येत नाहीत. त्या भागाबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण सर्वसाधारण मार्गदर्शनांत तो सापडत नाही.

फ्लॉपी ओळखणे

साडेतीन इंची फ्लॉपी कडक प्लास्टिकच्या आवरणात असते आणि तिला धातूचे सरकते झाकण असते. तिच्या दोन कोपऱ्यांत दोन चौकोनी भोके असतील तर ती १.४४ एमबीची, एकच असेल तर ७२० केबीची. सव्वापाच इंची फ्लॉपी मऊ आवरणात असते आणि वाकते. ती ३६० केबीची किंवा १.२ एमबीची असते, पण नुसते पाहून हा फरक नेहमी कळत नाही, त्यामुळे लेबलावर काय लिहिले आहे ते वाचावे. मॅकिंटॉशवर काम करणाऱ्यांच्या संग्रहात ४०० केबी आणि ८०० केबीच्या साडेतीन इंची फ्लॉप्याही मिळतात. दिसायला त्या ७२० केबीसारख्याच असतात, पण त्या लिहिताना मॅकची ड्राइव्ह ट्रॅकनुसार (तबकडीवरच्या गोल पट्ट्यांनुसार) फिरण्याचा वेग बदलत असे, त्यामुळे साध्या पीसीच्या ड्राइव्हला त्या नेहमीच्या पद्धतीने वाचता येत नाहीत. मॅकवर भरलेली १.४४ एमबीची फ्लॉपी मात्र पीसीच्या ड्राइव्हमध्ये वाचली जाते. फक्त तिच्यावरची फाइलरचना वेगळी असल्याने विंडोज ती ओळखत नाही आणि ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?’ असे विचारते. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही फ्लॉपीच्या बाबतीत, कोणत्याही परिस्थितीत, नाही असेच द्यावे.

नोंद करणे आणि लिहिण्याची वाट बंद करणे

प्रत्येक फ्लॉपीला क्रमांक द्यावा. क्रमांक फ्लॉपीवर पेनने दाबून लिहू नये. आधीच लिहिलेली छोटी चिकटपट्टी आवरणाच्या कडेला लावावी, कारण सव्वापाच इंची फ्लॉपीवर बॉलपेनने लिहिले तर आतल्या तबकडीवर वळ उमटतो. मग दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. लेबलावरचा पेन्सिलीचा पुसट शेरा, खोडलेले जुने नाव किंवा ‘प्रूफ २ झाले’ असा मजकूर पुढे फाइलींचा क्रम लावताना फार उपयोगी पडतो. फ्लॉप्या ज्या डब्यात, ज्या क्रमाने होत्या तो क्रमही लिहून ठेवावा.

यानंतर राइट-प्रोटेक्ट करावे. साडेतीन इंची फ्लॉपीच्या मागच्या बाजूला एका कोपऱ्यात प्लास्टिकची छोटी पट्टी सरकते. ती सरकवून भोक उघडे केले, म्हणजे त्यातून आरपार दिसू लागले, की फ्लॉपीवर लिहिता येत नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीचा नियम नेमका उलटा आहे. तिच्या कडेची खाच उघडी असेल तर लिहिता येते आणि झाकली तर लिहिता येत नाही. ही खाच काळ्या, अपारदर्शक पट्टीने झाकावी. काही ड्राइव्ह प्रकाशाच्या झोताने खाच तपासतात आणि पारदर्शक सेलोटेपला फसत नाहीत. केवळ वाचायचे असताना एवढी काळजी कशाला, असे वाटू शकते. पण संगणक आपल्या नकळत लिहितो. उदाहरणार्थ, विंडोज ९५ आणि ९८ राइट-प्रोटेक्ट न केलेल्या फ्लॉपीच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःची ओळखखूण लिहून टाकत, त्यासाठी वापरणाऱ्याने काहीही करावे लागत नसे.

बुरशी तपासणे

आपल्याकडे फ्लॉप्यांचा मुख्य शत्रू दमट हवा आहे. फ्लॉपीची तबकडी म्हणजे मायलार या प्लास्टिकची पातळ चकती, त्यावर लोह ऑक्साइडचे बारीक कण एका चिकट द्रव्यात बसवलेले असतात. कोकणातले, मुंबईतले किंवा घाटमाथ्यावरचे चार पावसाळे बंद कपाटात काढल्यावर त्या द्रव्यावर आणि आतल्या कापडी अस्तरावर बुरशी येते. म्हणून ड्राइव्हमध्ये घालण्याआधी प्रत्येक फ्लॉपी उजेडात पाहावी. साडेतीन इंची फ्लॉपीचे धातूचे झाकण बोटाने बाजूला सरकवून धरावे आणि मागच्या बाजूचा धातूचा गाभा अंगठ्याने हळूहळू फिरवत पूर्ण चक्कर पाहावी. निरोगी तबकडी गडद तपकिरी किंवा काळसर आणि एकसारखी चमकदार दिसते. बुरशी असेल तर तिच्यावर करडे-पांढरे ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा आरशावर फुंकर मारल्यासारखा धूसर डाग दिसतो. दोन्ही बाजू पाहाव्यात. कित्येकदा बुरशी फक्त खालच्या बाजूला असते.

या ठिकाणी मी एकदा घाई केली होती. एका स्नेह्यांनी दिलेल्या वीस-बावीस फ्लॉप्यांपैकी एक न तपासता ड्राइव्हमध्ये घातली. बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला, पण मी ती लगेच बाहेर काढली नाही आणि तिच्या मागोमाग दुसरी, स्वच्छ फ्लॉपी घातली. पहिलीवरून सुटलेली घाण हेडला चिकटली होती आणि तिने दुसऱ्या फ्लॉपीवर गोल ओरखडा काढला. जिथे थर निघाला होता तिथे तबकडी आरपार दिसत होती, म्हणजे तेवढा मजकूर कायमचा गेला. तेव्हापासून मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. आवाज बदलला की त्याच क्षणी फ्लॉपी बाहेर काढावी आणि संशयास्पद फ्लॉपीनंतर हेड साफ केल्याशिवाय दुसरी आत घालू नये.

बुरशी काढण्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळते. औषधांच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी आणि इतर द्रव्ये असतात, ते वापरू नये. खिडकी उघडी ठेवावी आणि नाकातोंडावर मास्क लावावा, कारण बुरशीची धूळ श्वासात जाणे बरे नव्हे. तंतू न सुटणारा मऊ बोळा अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून तबकडीवर अलगद टेकवावा आणि तबकडी फिरवत न्यावी. बोळ्याने घासू नये. आधी गाभ्याजवळच्या, मजकूर नसलेल्या आतल्या कडेवर करून पाहावे. बोळ्यावर करडी घाण आली तर ठीक, पण तपकिरी रंग येऊ लागला तर थरच सुटतो आहे असे समजून थांबावे. पूर्ण वाळल्यावरच पुढे जावे. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या आवरणाला असे झाकण नसते. तिच्यावर बुरशी जास्त असेल तर आवरणाची वरची कड धारदार पात्याने कापून तबकडी कडेला धरून बाहेर काढतात, साफ करून वाळवतात आणि एका कोऱ्या, टाकाऊ फ्लॉपीच्या स्वच्छ आवरणात घालून वाचतात. हे काम पहिल्यांदा निरुपयोगी फ्लॉपीवर करून हात बसल्यावरच मौल्यवान फ्लॉपीला हात लावावा.

साडेतीन इंची फ्लॉपीचे झाकण वाकलेले असेल तर ते ड्राइव्हमध्ये अडकते आणि ओढून काढताना हेड निखळू शकते. असे झाकण आणि त्याची स्प्रिंग आधीच काढून टाकावी. त्याच्याशिवायही फ्लॉपी वाचली जाते.

ड्राइव्ह मिळवणे

नव्या फ्लॉपी ड्राइव्ह आता फारशा बनत नाहीत. सोनीसारख्या, साडेतीन इंची फ्लॉपी १९८१ मध्ये बाजारात आणणाऱ्या कंपनीनेही २०१० मध्ये जाहीर करून मार्च २०११ पासून जपानमधली फ्लॉप्यांची विक्री थांबवली. तरीही यूएसबीला जोडायची साडेतीन इंची ड्राइव्ह अजून विकत मिळते आणि फक्त १.४४ एमबीच्या, बऱ्या अवस्थेतल्या फ्लॉप्या असतील तर ती पुरेशी ठरते. ती बहुधा ७२० केबीही वाचते, पण सव्वापाच इंची, ८०० केबी मॅक किंवा बिघडलेल्या फ्लॉप्यांसाठी ती उपयोगाची नाही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे जुन्या संगणकातली मूळ ड्राइव्ह मिळवणे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली आणि कुठल्याही गावात संगणकांचे भंगार घेणारा व्यापारी, अशा ठिकाणी ती सापडते. ज्या संगणकावर या फ्लॉप्या लिहिल्या गेल्या तोच अजून अडगळीत असेल तर त्याची ड्राइव्ह हमखास जपून ठेवावी. ड्राइव्हच्या हेडची जागा काळानुसार किंचित सरकते आणि सरकलेल्या हेडने लिहिलेली फ्लॉपी इतर ड्राइव्ह वाचत नाहीत, पण तीच ड्राइव्ह ती सहज वाचते. हाती आलेल्या ड्राइव्हचे हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि तिची परीक्षा नेहमी बिनमहत्त्वाच्या फ्लॉपीवर करावी.

आजच्या संगणकात जुनी ड्राइव्ह जोडायला जागा नसते. त्यासाठी ग्रीझवीझल नावाचे छोटे सर्किट बोर्ड मिळते. कियर फ्रेझर यांनी ते तयार केले असून त्याचे सॉफ्टवेअर मुक्त आहे. बोर्डाच्या एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला ड्राइव्हची ३४ पिनांची चपटी केबल जोडतात. केबलची लाल कड पिन क्रमांक १ कडे असावी. साडेतीन इंची ड्राइव्हला साधारणतः ५ व्होल्टचा पुरवठा पुरतो, सव्वापाच इंची ड्राइव्हला त्याबरोबर १२ व्होल्टही लागतो. क्रायोफ्लक्स आणि सुपरकार्ड प्रो ही त्याच प्रकारची इतर साधने आहेत. संग्रह शंभर-दीडशे फ्लॉप्यांचा असेल आणि त्यात मिश्र प्रकार असतील तर यांपैकी एक साधन घेणे मी आवश्यक मानतो.

इमेज घेणे

फ्लॉपी थंड किंवा दमट जागेतून आणली असेल तर एक दिवस कोरड्या खोलीत ठेवावी. पावसाळ्यात हे काम न केलेले बरे. करावेच लागले तर कोरडी खोली निवडावी आणि वाचून झालेल्या फ्लॉप्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवाव्यात.

यूएसबी ड्राइव्ह असेल तर विंडोजवर विनइमेज आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे प्रोग्राम वापरावेत. फ्लॉपी आत घातल्यावर फाइल एक्स्प्लोरर उघडू नये, सरळ प्रोग्राममधून संपूर्ण डिस्क वाचण्याची आज्ञा द्यावी. इमेजचे नाव फ्लॉपीच्या क्रमांकावरूनच ठेवावे, म्हणजे लेबलाचे छायाचित्र आणि इमेज यांची जोडी तुटत नाही. काम संपल्यावर इमेज फाइलचा आकार तपासावा. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटची असते, कारण ८० ट्रॅक, २ बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट असा हिशेब आहे. ७२० केबीसाठी ७,३७,२८०, १.२ एमबीसाठी १२,२८,८०० आणि ३६० केबीसाठी ३,६८,६४० हा आकडा यायला हवा. एका बाइटचाही फरक आला तर वाचन अपुरे आहे. लगोलग इमेजचा शा-२५६ हा तपासणी-आकडा काढून नोंदवहीत लिहावा. पुढे कधीही तो पुन्हा काढून जुळवला की नक्कल बिघडली नाही याची खात्री होते.

काही सेक्टर वाचले गेले नाहीत तर डीडीरेस्क्यूचा खरा उपयोग कळतो. कोणते सेक्टर मिळाले आणि कोणते राहिले याची नोंद तो एका वेगळ्या नकाशा-फाइलमध्ये ठेवतो. पुढच्या फेरीत फक्त राहिलेले सेक्टर वाचले जातात, म्हणजे फ्लॉपीच्या निरोगी भागावर हेड पुन्हा फिरत नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर हेड साफ करावे, उलट दिशेने वाचून पाहावे आणि मग तीच नकाशा-फाइल वापरून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये प्रयत्न करावा. एका ड्राइव्हला न दिसलेले सेक्टर दुसरीला दिसतात आणि दोन्हींचे मिळून इमेज पूर्ण होते, असे पुष्कळदा घडते. मात्र फेऱ्या मर्यादित ठेवाव्यात. रात्रभर फ्लॉपी फिरत ठेवून सोडून देणे धोक्याचे आहे.

ग्रीझवीझलसारखी साधने याच्या एक पाऊल पुढे जातात. सेक्टरचा अर्थ न लावता ती तबकडीवरचे चुंबकीय बदल, म्हणजे फ्लक्स, जसेच्या तसे नोंदवतात. फाइल कित्येक पटींनी मोठी होते, पण फ्लॉपी एकदाच फिरवावी लागते आणि अर्थ लावण्याचे प्रयत्न नंतर संगणकावर कितीही वेळा करता येतात. मॅकच्या ८०० केबी फ्लॉप्याही या पद्धतीने साध्या ड्राइव्हवर वाचता येतात. अतिशय नाजूक फ्लॉपीसाठी पहिलेच वाचन फ्लक्सचे करावे.

एका गोष्टीचा उलगडा येथे करायला हवा. डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या संगणक-प्रणालीच्या) १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर पहिला सेक्टर बूटचा, म्हणजे संगणक सुरू करण्यासाठीचा, त्यापुढे फाइलींचा पत्ता सांगणाऱ्या तक्त्याच्या नऊ-नऊ सेक्टरांच्या दोन प्रती आणि त्यानंतर नावांची यादी १४ सेक्टरांत असते. हे ३३ सेक्टर सगळेच्या सगळे अगदी बाहेरच्या, शून्य क्रमांकाच्या ट्रॅकवर दोन बाजूंत मावतात. नेमका हाच ट्रॅक सर्वांत जास्त वापरला गेलेला आणि सर्वांत जास्त झिजलेला असतो. तो गेला की संगणक ‘फ्लॉपी कोरी आहे’ असे सांगतो आणि लोक ती फेकून देतात. प्रत्यक्षात उरलेल्या ७९ ट्रॅकवरचा मजकूर धडधाकट असू शकतो. त्यामुळे यादी दिसली नाही तरी इमेज घ्यावीच. फोटोरेकसारखा प्रोग्राम फाइलींची नावे नसतानाही त्यांच्या सुरुवातीच्या खुणांवरून त्या शोधून काढतो, आणि नुसता मजकूर असलेल्या फाइली फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये इमेज उघडूनही हाती लागतात.

इमेजमधून फाइली काढणे

डॉसच्या इमेजची एक प्रत करून ती सेव्हन-झिपमध्ये उघडावी, फाइली तशाच बाहेर काढता येतात. काढताना मूळ तारखा राहतील याकडे लक्ष द्यावे. पुष्कळ फाइलींवर १ जानेवारी १९८० अशी तारीख दिसली तर गोंधळू नये. डॉसची तारीख त्या दिवसापासून सुरू होते आणि संगणकातली घड्याळाची बॅटरी संपली की प्रत्येक फाइलवर तीच पडत असे. अशा वेळी लेबल आणि मजकुरातले उल्लेख यांवरूनच काळ ठरवावा लागतो.

मोठ्या फाइली अनेक फ्लॉप्यांवर तुकड्यांनी साठवलेल्या असतात. डिस्कचे नाव ‘पीकेबॅक’ असे असून पुढे क्रमांक असेल तर तो पीकेझिप या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचा संच आहे. एकाच नावाच्या फाइलींना एआरजे, ए०१, ए०२ अशी शेपटे असतील तर तो त्याच प्रकारच्या एआरजे प्रोग्रामचा. असा संच संपूर्ण जमल्याशिवाय उघडण्याच्या खटपटीत पडू नये, आणि झिपच्या संचात यादी शेवटच्या फ्लॉपीवर असल्याने तिची इमेज विशेष काळजीने घ्यावी.

त्या काळच्या फ्लॉप्यांत व्हायरस सर्रास असत. १९९० मध्ये भारतात आढळलेला ‘जोशी’ हा व्हायरस बूट सेक्टरमध्ये बसत असे आणि ५ जानेवारीला पडद्यावर ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला सांगत असे. असे व्हायरस इमेजमध्येही उतरतात. नुसती इमेज उघडून फाइली काढल्याने ते जागे होत नाहीत, पण फ्लॉपीवरून किंवा इमेजवरून संगणक सुरू करू नये आणि तिच्यातले प्रोग्राम चालवू नयेत. व्हायरस सापडला म्हणून मूळ इमेज ‘साफ’ करण्याचीही गरज नाही, ती आहे तशी ठेवावी.

इमेजमध्ये पुसलेल्या फाइलीही येतात. डॉस फाइल पुसताना तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलतो आणि जागा मोकळी धरतो, मजकूर तिथेच राहतो. लेखकाचे खोडलेले खर्डे असे परत मिळू शकतात, तसाच कुणाचा खासगी पत्रव्यवहारही मिळू शकतो. फ्लॉप्या दुसऱ्याच्या असतील तर हे त्यांना आधी सांगावे आणि त्यांच्या संमतीशिवाय इमेज कुणाला देऊ नये.

मराठी अक्षरे परत मिळवणे

आता खरी कसोटी. १९९१ मध्ये युनिकोडच्या (सर्व भाषांच्या अक्षरांना ठरावीक आकडे देणाऱ्या जागतिक मानकाच्या) पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली असली, तरी आपल्या घरगुती संगणकांवर ती विंडोज २०००नंतरच रुळली. त्याआधीचा मराठी मजकूर दोन प्रकारांनी साठवलेला आढळतो आणि आपली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिला प्रकार आयस्की, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणारी पद्धत. आयएस १३१९४ : १९९१ हे त्याचे भारतीय मानक, आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने जिस्ट कार्डाच्या (संगणकात बसवायच्या जोड-सर्किटाच्या) रूपाने ते डॉसवर पोहोचवले. यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’चा १७९ आणि मग ऱ्हस्व वेलांटीचा २१९ असे आकडे येतात, जोडाक्षरात मध्ये हलन्ताचा २३२ येतो. हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडून १२८ च्या वरचे आकडेच प्रामुख्याने दिसले आणि २३२ वारंवार आढळला तर ती आयस्की असण्याचा संभव मोठा. या प्रकाराचे युनिकोडमध्ये रूपांतर जवळजवळ निर्दोष होते. विंडोजमध्ये आयस्की देवनागरीसाठी ५७००२ क्रमांकाचे कोडपेजच (अक्षरे आणि आकड्यांचा तक्ता) आहे.

दुसरा प्रकार फॉन्टचा, आणि डीटीपीच्या बहुसंख्य फाइली त्यातल्या. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे योगेश-सुरेख हे फॉन्ट किंवा शिवाजी फॉन्ट यांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर मराठी नसतोच. तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा क्रम असतो आणि फॉन्ट त्या प्रत्येक जागी मराठी अक्षराचा एकेक तुकडा काढून दाखवतो. अर्धा ‘ग’ एका जागी, त्याचा काना दुसऱ्या जागी, रफार तिसऱ्या जागी. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना डावीकडे दिसते म्हणून तीच आधी साठवलेली असते. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, आणि एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांतही फरक असतो. त्यामुळे फॉन्टचे नेमके नाव हीच या मजकुराची किल्ली आहे.

म्हणून फ्लॉप्यांच्या त्याच डब्यात फॉन्टच्या फ्लॉप्या आहेत का ते सर्वांत आधी पाहावे आणि त्यांची इमेज आधी घ्यावी. वर्डच्या किंवा पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्रामच्या फाइलीत फॉन्टचे नाव साठवलेले असते. आजच्या लिबरऑफिसमध्ये जुन्या वर्डच्या आणि पेजमेकर ६ व ७ च्या बऱ्याच फाइली उघडतात आणि अक्षरे वेडीवाकडी दिसली तरी फॉन्टच्या खान्यात नाव वाचता येते. ते नाव त्याच फ्लॉपीच्या नोंदीत लिहावे. फॉन्ट मिळाला तर संगणकावर बसवून फाइल उघडावी आणि आधी तिची पीडीएफ करून ठेवावी. पाने मूळ रूपात दिसणारी ही प्रत पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ताडून पाहायला लागते.

त्यानंतर त्या विशिष्ट फॉन्टसाठीचा रूपांतरक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा. रूपांतरक जवळच्या दुसऱ्या फॉन्टचा वापरला तर मजकूर वरवर बरोबर दिसतो आणि चुका आत लपून राहतात, हे लक्षात असू द्यावे. रूपांतर झाल्यावर मजकूर पीडीएफशी ओळीओळीने वाचून ताडावा. मराठीत ठरलेल्या ठिकाणी घोटाळे होतात. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो. ‘ऑ’ आणि ‘ॲ’ यांची चंद्रकोर गळते. ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या अदलाबदल होतात, ‘श्र’ आणि ‘त्र’ तुटतात. सर्वांत फसवा घोटाळा अर्ध्या ‘ऱ’चा आहे. हिंदीसाठी बनवलेल्या रूपांतरकाला तो माहीत नसतो आणि तो त्याचा सरळ रफार करून टाकतो. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यास’ या शब्दाचा ‘आचार्यास’, म्हणजे स्वयंपाक्याला दिलेली सूचना गुरुजींना जाते. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. ती मराठी वाचणाऱ्या माणसालाच दिसते. शक्य असेल तर हे वाचन ज्यांनी तो मजकूर लिहिला किंवा कंपोज केला त्यांच्याबरोबर बसून करावे. ते हयात आणि हाताशी आहेत तोवर फॉन्टचे नाव, फाइलींच्या आठ अक्षरी नावांचा अर्थ आणि अंतिम प्रूफ कोणते होते हे तेच सांगू शकतात.

ठेवणे

प्रत्येक फ्लॉपीसाठी एक फोल्डर करावा आणि त्यात लेबलाची छायाचित्रे, इमेज, असल्यास फ्लक्सची फाइल, नकाशा-फाइल, काढलेल्या मूळ फाइली, पीडीएफ आणि युनिकोड मजकूर हे सगळे एकत्र ठेवावे. युनिकोड प्रत तयार झाली म्हणून मूळ फाइल काढून टाकू नये, कारण रूपांतरातली चूक दहा वर्षांनी लक्षात आली तर परत जायला तीच वाट आहे. फॉन्टच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये, कोणत्या फ्लॉपीतून आल्या त्या क्रमांकासह ठेवाव्यात. शंभर फ्लॉप्यांच्या साध्या इमेज मिळून दीडशे एमबीच्या आतच राहतात, तेव्हा जागेची काटकसर करण्याचे कारण नाही. तीन प्रती कराव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी, विश्वासू नातेवाइकाकडे किंवा संस्थेकडे असावी. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, शा-२५६ चे आकडे पुन्हा काढून नोंदवहीशी जुळवावेत.

इमेज पूर्ण मिळालेल्या फ्लॉप्याही टाकू नयेत. ज्यांचे काही सेक्टर राहिले आहेत त्या वेगळ्या डब्यात, राहिलेल्या सेक्टरांचे आकडे लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवाव्यात आणि पुढे कधी दुसरी, अधिक चांगली ड्राइव्ह हाती आली की त्याच नकाशा-फाइलवरून, फक्त तेवढ्याच सेक्टरांसाठी, एक फेरी पुन्हा करून पाहावी.